वणव्यावर हेलिकॉप्टर आलं की जमिनीवरच्या माणसांनी काय करायचं

मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे पेटले, तेव्हा आग विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. त्याआधी २०१९ साली बंदीपूरला, २०२०-२१ च्या हिवाळ्यात नागालँडच्या झुकू दरीत, मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात हेच झालं. उत्तराखंडात तर २०१६, २०२१, २०२४ अशी ही पाळी येतच राहिली. तेव्हा तुम्ही वनरक्षक असा, हंगामी फायर वॉचर असा किंवा गिर्यारोहण संस्थेकडून मदतीला गेलेले स्वयंसेवक असा, कधीतरी हेलिकॉप्टरशी गाठ पडणार हे धरून चाला.

आगीशी कसं वागायचं ते आपल्याकडे थोडंफार शिकवलं जातं. हेलिकॉप्टरबद्दल मात्र "लांब राहा" यापलीकडे फारसं कुणी सांगत नाही. सल्ला बरोबरच आहे, पण जागा साफ करायला, माणसं चढवायला, सामान उतरवायला कुणाला तरी जवळ जावंच लागतं. हे लिखाण त्या माणसांसाठी आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून टाका: हेलिकॉप्टरच्या भोवती वैमानिकाचा आणि त्याच्या चालकदलाचा शब्द शेवटचा. तिथे आलेला साहेब कितीही मोठा असो, आणि इथे मी काहीही लिहिलेलं असो.

आधी यंत्र ओळखून घ्या

आपल्याकडे वणव्यावर बहुतेक वेळा हवाई दलाचं एमआय-१७ येतं. त्याच्या वरच्या पंख्याचा, म्हणजे मुख्य रोटरचा व्यास २१ मीटरच्या थोडा वर आहे, आणि भरलेलं यंत्र १३ टनांपर्यंत जातं. एवढं वजन हवेत तोलून धरायचं तर तितक्याच जोरानं हवा खाली ढकलावी लागते. ही खालची हवा, डाउनवॉश, तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ आहे. ध्रुव किंवा चेतक आलं तर आकार लहान, पण धोका त्याच प्रमाणात कमी होईल असं समजू नका. उलट लहान हेलिकॉप्टरचा शेपटीकडचा रोटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असू शकतो, आणि फिरताना तो दिसत नाही. काही लहान हेलिकॉप्टरांमध्ये तो मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो.

एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा टेल रोटर लागून मृत्यू झाला. तिथे आग नव्हती, धूर नव्हता, रोज हेलिकॉप्टर उतरणारी जागा होती. नव्या माणसांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण टेल रोटरचा धोका पटायला वणव्याची धावपळ लागतेच असं नाही.

अंगावर काय असावं

जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, घोट्याच्या वर जाणारे चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे, हेल्मेट, बंद चष्मा, कानात फोमचे बोळे. नायलॉन, पॉलिस्टर नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर हेल्मेट घातलेलं नाही असंच समजा. उपरणं, गमछा, ओढणी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून आत खोचा. लांब केस बांधून कॉलरच्या आत घ्या. टोपी खिशात.

आपल्याकडे कित्येक वनमजूर चपलेवर आगीला जातात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ती चालवून घेतात. हेलिपॅडवर ती चालवून घेऊ नका. बूट नसतील तर त्या माणसाला हेलिपॅडभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरचं काम द्या, तिथेही कामं भरपूर असतात.

जागा तयार करणं, हेच खरं काम

हेलिकॉप्टर यायच्या आधीच्या तासात जे होतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जागा निवडताना पाहायचं ते असं: जमीन सपाट आणि टणक, आजूबाजूला झाडं कमी, आणि येण्याजाण्याची वाट वाऱ्याच्या दिशेनं मोकळी. हेलिकॉप्टर शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि तसंच उठतं. त्यामुळे मैदान मोठं आहे पण वाऱ्याच्या बाजूला निलगिरीची रांग उभी आहे, तर ते मैदान फारसं उपयोगाचं नाही. किती जागा लागेल हे येणारं पथक सांगेल. अंदाज हवा असेल तर अमेरिकेतल्या वणवा विभागांचा नियम बघा: मोठ्या हेलिकॉप्टरला ११० फूट, मध्यमला ९० आणि लहानाला ७५ फूट व्यासाचं वर्तुळ पूर्ण मोकळं. हे कमीत कमी झालं. धूळ, धूर आणि दुपारचा उष्ण वारा असताना त्याहून जास्त मिळाली तर उत्तम.

आता धूळ. निवडणुकीच्या दिवसांत गावोगावी हेलिपॅड बनताना तुम्ही पाहिले असतील: टँकर येतो, मैदानावर पाणी मारतो, मग फक्कीनं गोल आणि आत एच काढतात. तेच करायचं, फक्त मनापासून करायचं. एकदा पाणी मारलं की वरचा थर ओला दिसतो आणि लोक निघून जातात. तुम्ही बुटाची टाच जमिनीवर जोरात घासून बघा. खालून कोरडी भुकटी निघाली तर अजून पाणी हवं. वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा मारा. एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात पहिलं पाणी उडून जातं, म्हणून टँकर परत पाठवू नका. धुळीच्या ढगात वैमानिकाला शेवटच्या काही मीटरमध्ये जमीन दिसेनाशी होते, आणि नेमकी तेव्हाच ती दिसायला हवी असते. चिखल होईल इतकंही मारू नका, चाकं रुततात.

पाण्याआधी झाडू. सुटे दगड, फांद्या, तारांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या बाटल्या, चहाचे कप, पत्रे. फ्लेक्स तर आधी उतरवा. एका ठिकाणी पाहुण्यांच्या स्वागताचा मंडप हेलिपॅडपासून हाकेच्या अंतरावर बांधलेला मी पाहिलाय, वर "सुस्वागतम"चा फ्लेक्स. मंडपवाल्याला विनवण्या करून तो सोडवून घ्यायला जितका वेळ गेला तितक्या वेळात दोन हेलिपॅड झाडून झाले असते. ताडपत्रीवर चार दगड ठेवले की ती राहील असं वाटतं. ती दगडांसकट उठते. घडी करून गाडीत टाका.

फक्कीची खूण चालते, पण खूण म्हणून पांढरं कापड अंथरत असाल तर ते खुंट्या ठोकून चारी बाजूंनी घट्ट बांधलेलं हवं, नाहीतर नकोच. वारा दाखवायला विंडसॉक नसेल तर उंच बांबूला रंगीत कापडाची पट्टी बांधा, तीही उतरण्याच्या वर्तुळापासून बरीच दूर आणि वैमानिकाला आधी सांगून. आणि अग्निशमनाचं साधन हेलिपॅडवरच हवं. आगीवर सगळी यंत्रं पाठवून हेलिपॅड उघडा ठेवलेला मी पुष्कळदा पाहतो.

माणसं आणि गुरं

हेलिकॉप्टर येणार ही बातमी पथकाच्या आधी गावात पोहोचते. पोरं, म्हातारे, कडेवर बाळ घेतलेल्या बाया, सगळे येतात. हाकलून कुणी जात नाही. त्यापेक्षा पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे गुरुजी यांना आधी गाठा आणि त्यांनाच राखण द्या. दोरी बांधा, आणि ती वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिथून येतो तिकडे बांधा, म्हणजे धूळ त्यांच्या अंगावर कमी जाईल. अंतर किमान शंभर मीटर ठेवा. गुरं, कुत्री बांधून ठेवायला सांगा. आवाजानं बैल बिथरला तर तो कुठेही धावतो.

एक गोष्ट गावकऱ्यांना आवर्जून सांगा: हेलिकॉप्टरला हात हलवू नका. दोन्ही हात वर करून उभं राहणं ही जगभर "मदत हवी" अशी खूण मानली जाते. आनंदानं हात हलवणाऱ्या घोळक्यामुळे वैमानिकाला विनाकारण एक चक्कर मारावी लागते, आणि त्याचं इंधन मोजून भरलेलं असतं.

उतरताना: एकच माणूस

खुणा करणारा एकच. दोघांनी खुणा केल्या तर कुणाचं ऐकायचं हा प्रश्न वैमानिकाला पडतो. हवाई दलाचा माणूस आधी रस्त्यानं पोहोचला असेल तर खुणा तोच करील, आणि तुम्ही बाजूला व्हायचं. नसेल आणि काम तुमच्याकडे आलं तर वर्तुळाच्या बाहेर, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन येत असल्यामुळे तुम्ही समोर दिसाल. निव्वळ वाऱ्याची दिशा दाखवायला तुमची पाठ पुरते.

खुणा थोड्याच शिका पण चोख शिका. दोन्ही हात बाजूला आडवे पसरले: आहे तिथे तरंगत राहा. पसरलेल्या हातांचे तळवे खाली करून हात खाली हलवले: खाली या. तळवे वर करून वर हलवले: वर जा. हात समोर खाली एकमेकांवर आडवे: उतरा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे: थांबा. ही शेवटची खूण तुमच्यापैकी प्रत्येकाला यायला हवी. वर्तुळात पोरगं घुसलं, वायर दिसली, काही उडालं, तर खुणा करणाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत थांबू नका. ज्याला दिसलं त्यानं फुली करायची. बाकी एकही खूण त्यानं करायची नाही.

डाउनवॉश आला की खाली बसा, एक गुडघा टेकवा, मान खाली घाला, डोळे चष्म्याच्या आत. हेल्मेट उडालं, कागद उडाला, टोपी उडाली तरी तिच्यामागे जायचं नाही. हे इतकं साधं आहे की कुणी लिहून ठेवत नाही, आणि माणूस हात पुढे करून धावतोच.

जवळ जाणं

चाकं टेकली म्हणजे जायचं, असं नाही. रोटर पूर्ण थांबायची वाट पाहता आली तर तीच पाहा. बऱ्याचदा मात्र वेळ वाचवायला इंजिन चालू ठेवतात. मग दारातल्या चालकदलाच्या माणसानं अंगठा दाखवेपर्यंत किंवा हातानं बोलावेपर्यंत जागचं हलू नका. वैमानिकानं तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही त्याच्याकडे, हे झाल्यावरच पहिलं पाऊल.

दिशा लक्षात ठेवायला घड्याळ वापरा: हेलिकॉप्टरचं नाक म्हणजे बारा. जायचं ते दहा ते बाराच्या किंवा बारा ते दोनच्या बाजूनं, म्हणजे पुढून तिरपं, वैमानिकाच्या नजरेत राहून. चार ते आठ या भागात पाऊल टाकायचं नाही. एका दारातून उतरून दुसऱ्या दाराकडे जायचं असेल तर नाकाकडून वळसा घाला, शेपटीकडून कधीच नाही, मग वळसा कितीही लांब पडो. एमआय-१७ ला मागूनही सामान चढवतात. तसं करायचं झालं तर त्यांचा माणूस तुम्हाला नेईल. त्याच्या मागे एका ओळीत, त्याच वाटेनं जा आणि त्याच वाटेनं परत या. चिनुक आलं तर गणित निराळं: त्याला पुढेमागे दोन मोठे रोटर, आणि पुढच्या रोटरची पाती नाकासमोर खाली झुकलेली. त्याला पुढून जायचंच नाही. म्हणूनच म्हणतो, आलेलं यंत्र ओळखा आणि विचारा.

उतारावर सगळ्यात जास्त सांभाळा. हेलिकॉप्टर उतारावर टेकलं असेल तर वरच्या बाजूला जमीन आणि पात्याचं टोक यातलं अंतर कमी होतं. नेहमी खालच्या बाजूनं जा आणि खालच्या बाजूनंच बाहेर पडा. दमलेला माणूस खाली उतरून मग वळसा घालण्यापेक्षा सरळ वर चढायला बघतो, आणि सह्याद्रीत काय किंवा कुमाऊंत काय, सपाट जमीन कमीच. आणखी एक: इंजिन सुरू होताना आणि बंद होताना पाती सावकाश फिरतात, आणि सावकाश फिरताना ती वाकून खाली येतात. जोराचा वारा असेल तर आणखी खाली. पंखा मंदावलाय म्हणजे आता भीती नाही, असं ज्याला वाटतं त्याला मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतो.

वाकून चाला, पळू नका. कोयता, फावडं, फायर बीटर (आग झोडपायचं लांब दांड्याचं अवजार), काहीही असो, आडवं, कमरेच्या खाली, एका हातात. खांद्यावर काठी टाकून चालायची आपल्याला जन्माची सवय, ती इथे मोडायची. लांब वस्तू दोघांनी दोन टोकांना धरा. वॉकीटॉकीची अँटेना आत.

चढताना: पेट्रोल आणि वजन

फायर ब्लोअर, म्हणजे जोरानं हवा फुंकणारी यंत्रं, आता बहुतेक पथकांकडे असतात. ब्लोअरच्या टाकीत पेट्रोल असतं आणि बरोबर कॅनही असतो. ते दोन्ही घेऊन गुपचूप चढू नका. चालकदलाला दाखवा, विचारा. टाकी रिकामी करायला सांगतील, कॅन वेगळा न्यायला सांगतील, कदाचित नाहीच म्हणतील. पाठीवरच्या पंपाचं पाणी ओतून टाका, काडेपेट्या गोळा करून एकाकडे द्या, कोयत्यांना म्यान नसेल तर जाड कापड गुंडाळून दोरीनं बांधा.

वजन विचारलं तर खरं सांगा, बूट, पाण्याच्या बाटल्या, अवजारं सगळं धरून. "साठ-पासष्ट लिहा" हा आपल्याकडचा ठरलेला आकडा. उंचावर आणि उष्ण हवेत हेलिकॉप्टरची वजन उचलायची ताकद घटते, आणि वणव्याच्या दिवशी दोन्ही असतात. ५ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्नियात वणव्यावरच्या कामगारांना परत आणणारं एक सिकोर्स्की हेलिकॉप्टर डोंगरातल्या हेलिपॅडवरून उठताच कोसळलं. तेरापैकी नऊ जण गेले. चौकशीत निघालं की हेलिकॉप्टरच्या रिकाम्या वजनाचे आकडे कमी करून दाखवले होते आणि ताकदीचे तक्ते बदललेले होते. त्या आकड्यांत चढणाऱ्या मजुरांचा काही दोष नव्हता. पण कागदावरचं वजन खोटं असलं की काय होतं, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पट्टा बांधा, तो कसा सोडायचा ते बसल्या बसल्या एकदा करून बघा. उतरताना कुणीतरी सांगेपर्यंत पट्टा काढू नका. दार उघडणं-लावणं चालकदलाचं काम.

पाणी पडतं तिथे

हेलिकॉप्टरखाली लटकणारी नारिंगी बादली, बांबी बकेट, आपल्याकडच्या एमआय-१७ वर साधारण साडेतीन हजार लिटरची असते. म्हणजे साडेतीन टन. वरून पाहणाऱ्याला ते तुषार वाटतात. खाली उभ्या माणसाला नाही. वाळक्या फांद्या तुटून येतात, पोखरलेली झाडं उन्मळतात, दगड सुटतात. उत्तराखंडच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात जळते शंकू उतारावरून घरंगळत जाऊन खाली नवी आग लावतात, आणि ओल्या पिरुलवर, म्हणजे चिडाच्या वाळलेल्या सुयांवर, बूट टिकत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातच एका मोठ्या विमानानं अग्निरोधक द्रव नेहमीपेक्षा खालून टाकला, त्या जोरानं झाड पडलं आणि जमिनीवरचा एक अग्निशामक गेला. ते विमान होतं, त्यात मालही कितीतरी पटीनं जास्त होता. पण माणूस ज्यानं गेला ते झाड होतं, पाणी नव्हे, हे ध्यानात घ्या. पाणी पडायच्या आधी वर बघा: डोक्यावर काय वाळलेलं आहे?

पाणी टाकणार असं कळलं की हेलिकॉप्टर ज्या रेषेत येतंय तिला काटकोनात बाजूला व्हा. रेषेतच पुढे पळालात तर पाण्याच्या पुढे पळता. पथकप्रमुखानं डोकी मोजून "बाजूला झालो" असं कळवल्याशिवाय पाणी पडू नये, हा नियम आधी ठरवून घ्या. अडकलातच, आणि सुटका नक्की होणार नसेल, तर पळू नका. मोठ्या झाडाखालून बाहेर या, अवजार अंगापासून दूर बाजूला ठेवा, हेलिकॉप्टर येतंय त्या दिशेला डोकं करून पालथे झोपा, हेल्मेट डोक्यावर, आणि काहीतरी घट्ट धरा.

हेलिकॉप्टर फार खाली तरंगलं तर डाउनवॉशनं निखारे उडतात. भात्यानं फुंकावं तशी मंद आग भडकते, आणि ती तुमच्या पाठीमागच्या कोरड्या गवतात जाऊन पडते. म्हणून पाण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मागे वळून बघायचं. पळायची वाट, जळून गेलेला काळा पट्टा किंवा जाळरेषा (आग अडवायला आधीच मोकळी केलेली पट्टी), ही आधीच ठरलेली असावी.

पाणी पडून गेल्यावर पाच मिनिटं दम धरा, मग आत जा. बादलीनं आग मरत नाही, थोडा वेळ नरमते. तेवढ्या वेळात फायर बीटर आणि ब्लोअर घेऊन कडा मारायची, ओंडके उलटून निखारे विझवायचे. तुम्ही गेला नाहीत तर अर्ध्या तासात ज्वाळा परत येतात, आणि मग लोक म्हणतात, हेलिकॉप्टरचा काही उपयोग झाला नाही.

तळ्यावर

सरिस्कात पाणी सिलीसेढ तलावातून उचललं, कुमाऊंत भीमतालमधून. ज्यांना तळ्यावर नेमलं जातं त्यांना आपल्याला सोपं काम मिळालं असं वाटतं. तिथे करायचं ते असं: होड्या काठाला, बोटिंग बंद, मासेमारीची जाळी आणि त्यांचे तरंगणारे डबे बाहेर. बादली जाळ्यात अडकली तर वैमानिकापुढे मोठं संकट. काठावर धुणं धुणाऱ्या, पोहणाऱ्या सगळ्यांना उठवा. पाण्यावरून जाणारी तार, पंपाचा पाइप, दोरखंडावरची होडी, यांतलं काहीही असेल तर पहिल्या फेरीआधी कळवा.

तारा, ड्रोन आणि रेडिओ

विजेची तार वैमानिकाला हवेतून सहसा दिसत नाही. त्याला खांब दिसतात, तेही दिसले तर. तुम्ही गावचे आहात, कुठल्या खोऱ्यावरून तार गेली आहे ते तुम्हाला माहीत आहे. मोबाइल टॉवर, रोप-वे, शेतावरून ओढलेली आकडा टाकलेली वायर, सगळं सांगा. आकड्याचं सांगायला लाज वाटली तरी सांगा.

ड्रोन खाली आणा. वनखात्याचा असला तरी आणा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स वणव्यात एक ड्रोन पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला, पंखाला भोक पडलं आणि ते विमान दुरुस्तीसाठी कामाबाहेर गेलं.

वनखात्याच्या वॉकीटॉकीवरून वैमानिकाशी थेट बोलता येईलच असं धरू नका. निरोप मधल्या माणसामार्फत जाईल, म्हणून तो छोटा आणि पूर्ण हवा: आम्ही कुठे, किती जण, वारा कुठून, तारा कुठे, पाणी कुठे हवं. "त्या वडाच्या पलीकडे" हे तुम्हाला कळतं, त्याला खाली हजार झाडं दिसतात. त्याच्या नजरेतून सांगा: तुमच्या नाकासमोर, तुमच्या दोन वाजता, नदीच्या वळणाच्या आत. अक्षांश-रेखांश देणार असाल तर दशांशात देताय की अंश-मिनिटांत, हे आधी सांगा. आरसा चमकवता आला तर तो लवकर दिसतो.

लटकता हुक आणि जाळी

सामान जाळीतून खाली लटकवून आणलं तर त्याच्या खाली कुणीही नाही, आणि हे "कुणीही" म्हणजे खरंच कुणीही. हुक किंवा जाळी जमिनीला टेकल्याशिवाय हात लावू नका. फिरत्या पात्यांमुळे यंत्रावर विजेचा भार साठतो, आणि पहिला हात लावणाऱ्याला जोरदार झटका बसतो. हुक लावणं-काढणं शिकलेल्या माणसांचंच काम. ते कुणी तुमच्याकडे सरकवत असेल तर नाही म्हणा.

शेवटची फेरी

अपघाताला मी सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त घाबरतो. सकाळी सगळे सावध असतात. चार वाजता पोटात काही नसतं, कान बधिर झालेले असतात, आणि दिवसभरात इतक्या वेळा आलं-गेलं म्हणून हेलिकॉप्टरची भीती मोडलेली असते. शेवटच्या फेरीआधी सगळ्यांना एकत्र बसवून पाणी प्यायला लावा, पहिल्या फेरीला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगा आणि हेल्मेटचे पट्टे हात लावून तपासा.

हेलिकॉप्टर मुक्कामी राहणार असेल तर रात्रभर दोन माणसं राखणीला ठेवा, विडी-सिगारेट पन्नास मीटरच्या आत नको. इंधनाचे पिंप सावलीत, वेगळे ठेवा. जाणार असेल तर ते दिसेनासं होईपर्यंत दोरी सोडू नका, कारण काही बिघाड झाला तर ते परत तिथेच उतरतं. मग हजेरीपटावर नावं वाचून माणसं मोजा, चढताना लिहिलेल्या यादीशी ताळा जुळवा, आणि जुळला नाही तर कुणालाही घरी सोडू नका.